भिंतीवर जवसाचं तेल

१४ जानेवारी २०२५

दादा,

वर तीर्थरूप लिहिलं नाही. कागद कसा सुरू करायचा ते चौथीत बाईंनी शिकवलं होतं, पण सत्तावीस वर्षं ज्याच्याशी बोलणं नाही त्याले तीर्थरूप लिहिलं तर तुलेही खोटं वाटेल अन् मलेही. फोन दोनदा लावला. तू "राँग नंबर" म्हणून ठेवून दिला. आवाज तुझाच होता, बोलायच्या आधी बाबांसारखाच खाकरला. म्हणून कागद लिहून राहिली. फाडायचा तर फाड, पण वाचून फाड.

काम एवढंच आहे. बाबांची वही पाठव. लाल पुठ्ठ्याची, सुतळीनं शिवलेली. तू घर सोडून अकोल्याले गेला त्या दिवसापासून ती फळीवर नाही, म्हणजे तूच नेली. तुले चोर म्हणून नाही राहिली. वही पाहिजे, बस.

काहून पाहिजे ते सांगते. आपल्या गावच्या राममंदिरातली बाबांची भिंत सुटून राहिली. भिंत जागेवर आहे, वरचं चित्र सुटून राहिलं. पापुद्रे उठतात. सकाळी वामनराव पुजारी सभामंडप झाडतात तर केरात सीतेच्या लुगड्याचा तुकडा, हनुमंताच्या शेपटीचा तुकडा. पायाखाली येईल म्हणून ते फेकत नाहीत, बिस्किटाच्या डब्यात ठेवतात. डबा भरत आला.

दिवाळीनंतर पुण्याहून एक पोरगी आली, आकांक्षा नावाची. जुनी चित्रं वाचवायचं शिकली आहे म्हणे. एका संस्थेनं तिले भातकुलीकडच्या जुन्या भिंतींची यादी करायले पाठवलं होतं, आपली भिंत पाहून थांबली. अमरावतीले राजापेठेत शिकवणीच्या क्लासवर खोली घेतली आहे, रोज स्कूटीवर येते. केस पोरासारखे कापलेले. मंदिर ट्रस्टचे पंजाबराव म्हणे, "हे काय वाचवते भिंत, हिले पायाडाच्या फळ्यांवरून वारा उडवून नेईन."

पहिल्या दिवशी मी मंदिरात दिवा लावायले गेली तर ती भिंतीले गाल लावून उभी. मले म्हणते, "काकू, हा चुना काय सुंदर विरवलाय. कोणी विरवला, माहितीय?"

"मी."

"तुम्ही? तेव्हा किती वर्षांच्या होता?"

"दहा."

तिनं ते मोबाईलमध्ये लिहून घेतलं. नाव विचारलं, आडनाव विचारलं. मी घरी आली अन् बसूनच राहिली थोडा वेळ. आठव, त्या भिंतीसाठी माझी शाळा सुटली. चौथीचा निकाल लागला अन् बाबा म्हणे आता रांजणापाशी बस. कळीचा चुना पाण्यात सोडायचा, तो उकळून शांत झाला की वर पाणी राखायचं, रोज जुनं काढून नवं टाकायचं. सहा महिने. बोटांची कातडी सोलून निघे. तू चौदा वर्षांचा, तू पायाडावर. भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात "डोमाजी" लिहिलं आहे, त्याच्या बाजूले "रविकांत". मी खाली होती.

ते जाऊ दे. पोरीचं म्हणणं असं, की चित्र दोन तऱ्हेचं असते. चुना ओला असतानी रंग लावला तर तो चुन्याच्या पोटात जाते, मग पाण्यानं पुसला तरी हलत नाही. चुना सुकल्यावर डिंकात कालवून लावला तर वरवर बसते, ओल्या फडक्यानंही निघून येते. आपल्या भिंतीवर दोन्ही आहे. कोणता रंग ओल्यावर अन् कोणता सुक्यावर, हे कळल्याशिवाय ती औषध लावणार नाही. बाबा तर भिंतीवर जे जे जाईल ते वहीत लिहीत.

पोस्टानं पाठव. रजिस्टर कर.

अनसूया

५ फेब्रुवारी २०२५

दादा,

कागद पोचला हे मले माहीत आहे. पोस्टमननं पोचपावतीवरची तुझी सही दाखवली. ड्रॉइंग मास्तरची सही, खाली दोन रेघा. सही करायले हात चालते, चार ओळी लिहायले नाही चालत.

इकडं असं झालं. आकांक्षानं पिस्तुलासारखं एक मशीन आणलं. भिंतीवर धरते अन् मशीन सांगते आत कोणता धातू आहे. पंजाबरावनं आपल्या अंगठीवर धरून पाहायले लावलं. तांबं लय निघालं, तेव्हापासून सोनारावर चिडून आहेत.

भिंतीवर धरलं तर वरच्या तपकिरी थरात शिसं निघालं. सगळ्या भिंतीवर. पोरगी म्हणते हा थर तुमच्या वडिलांचा नाही, नंतरचा आहे. कोणीतरी सगळ्या चित्रावर तेल चढवलं. तेल पिवळं झालं, मग तपकिरी, वरून दिव्याची काजळी. त्यातच चुन्याच्या भिंतीले दम घ्यायले मिळालं पाहिजे, ओल बाहेर निघायले वाट पाहिजे. तेलानं तोंड बंद झालं तर ओल आतच फिरते, मग जिथं फावेल तिथं चित्रच उचलून बाहेर निघते.

मले विचारलं, "काकू, तुमच्याकडे तेल उकळताना त्यात काही घालायचे का? लवकर वाळावं म्हणून?"

मी म्हटलं, "मले काय माहीत."

पंजाबराव बाजूलेच होते. ते म्हणे, "तिले काय विचारता? सगळ्या गावाले माहीत आहे. रविकांतनं वार्निश मारलं. मास्तर झाला अन् बापाले अक्कल शिकवायले गेला. बापानं त्याच दिवशी घरातून काढला."

दिव्यात वात होती ती सारली.

आता खरी गोष्ट. ट्रस्टले टाइल्स बसवायच्या आहेत. नमुना आणून ठेवला आहे गाभाऱ्यापाशी. टाइल्सवर छापलेला राम, मागं हिमालयासारखे डोंगर, मोर, धबधबा. चकचकीत. बायकांले आवडला, खोटं काहून बोलू. रामनवमीच्या आधी भिंत छिन्नीनं टाचून टाइल्स लावायच्या असा पंजाबरावांचा बेत आहे. आकांक्षानं हात जोडले, तेव्हा म्हणे वीस तारखेले मीटिंग घेतो. पण अट टाकली. "एकदा ह्याच घरच्यानं भिंत नासवली. मागं काय लावलं, कोणी लावलं, घरच्यांनी लिहून द्या. मग पाहू पोरीले हात लावू द्यायचा का नाही."

म्हणजे तुझ्याकडून लिहून पाहिजे त्यांले.

पोरीचंही तेच. तेल कोणतं, कशात उकळलं, हे कळल्याशिवाय औषध ठरत नाही. पुण्याच्या लॅबमधून कळायले चार-पाच महिने लागतात. मी म्हटलं, अंदाजानं लाव. ती म्हणे, "अंदाज चुकला तर तेल निघेल आणि त्याच्याबरोबर राम पण निघेल."

दुपारी ती आपल्याच घरी जेवते. माझ्या हातच्या जवसाच्या चटणीवर दोन भाकरी खाते, तेल ओतून ओतून. बाबांनी शेवटी शेवटी जवसाची चटणी सोडली होती. लहानपणापासूनची सवय, अन् एकाएकी म्हणे पचत नाही. ही पोरगी बोटं चाटते.

वही पाठव. वीस तारखेच्या आत.

अनसूया

१८ फेब्रुवारी २०२५

दादा,

तेल मी लावलं.

एवढं लिहून सकाळी कागद ठेवून दिला होता. मधल्या वेळात म्हशीचं केलं, तुरी उन्हात टाकल्या, तुझे जवाई, म्हणजे माझे मालक खुशालराव, यांचं जेवण झालं. ते विचारत होते, "काय लिहून राहिली?" म्हटलं किराण्याची यादी. आता दुपार आहे. पुढचं लिहिते.

ते १९९८ साल, तुलेही आठवत असेल. बाबांची छाती चुन्यानं भरलेली, दहा पावलं चालले की बसत. भिंतीले लोणा लागला होता, रामाच्या अंगावर पांढरी फुलं उठली होती मिठासारखी. तू अकोल्याहून शनिवारी आला, पायाडावर चढला, सोबत वार्निशची बाटली आणली होती. एका कोपऱ्यात बोटभर लावून पाहिलं अन् म्हणाला, "नाही, हे चुन्यावर चालत नाही. उन्हाळा सरला की कोरड्या ब्रशानं झाडू." बाटली तिथंच पायाडावर विसरून गेला. खरं बोलला होता तू. आकांक्षा आज तेच म्हणते.

पण रामनवमी आठ दिवसांवर होती. बाबा रोज म्हणत, मले बैलबंडीत टाकून न्या, एकदा भिंत पाहतो. मले वाटलं ही अशी लोणा लागलेली पाहतील अन् तिथंच जीव सोडतील. पोळ्याच्या आधी आपण बंडी अन् दरवाजे जवसाच्या तेलानं पुसतो का नाही? लाकूड कसं जागं होते. मी म्हटलं भिंतही तशीच होईल. मले दुसरं काय माहीत होतं? दोन शेर तेल काढलं, अंगणातल्या चुलीवर उकळलं, त्यात मुरदाडशिंग टाकलं, बाबा दरवाज्याच्या तेलात टाकत तेवढंच. ते शिसंच असते, हे मले ह्या पोरीच्या मशीननं सांगितलं.

दुपारी देऊळ बंद असते, वामनराव झोपतात. मी पायाडावर चढली. जिंदगीत पहिल्यांदा.

हे वाच नीट. बाबांसाठी लावलं, हे मी स्वतःले सत्तावीस वर्षं सांगितलं. ते अर्धं आहे. अर्धं असं आहे, की दहा वर्षांची होती तेव्हापासून मी चुना विरवला, रंग वाटला, डिंक गाळला, अन् ब्रश तुझ्या हातात. तुले नको होता. तू पायाडावर जांभया देत होता, मी खालून पाहत होती. बाबा म्हणत, पोरीचा हात भिंतीवर नको, लग्न होऊन जाईल, विद्या परघरी जाईल. त्या दुपारी वर कोणी नव्हतं. माझं जुनं मऊ लुगडं होतं, कोमट तेल होतं. वरून खाली पुसत आली. दादा, रंग असे वर आले! राम असा निळा झाला, जसा बाबांनी रंग लावला त्या दिवशी ओला होता. माझ्या हाताखाली झाला. मले रडू आलं अन् हसूही आलं, तेलाचा हात म्हणून डोळे पुसता येईनात.

रामनवमीले सगळं गाव म्हणे, वा डोमाजी, भिंत नवी झाली. बाबा बंडीतून उतरले. भिंतीपाशी गेले, नाक लावलं. बोट फिरवलं, बोट हुंगलं. वर पाहिलं तर पायाडावर तुझी बाटली. घरी येऊन वही मागितली, काहीतरी लिहिलं, माझ्या हातानं जेवले. तू संध्याकाळच्या गाडीनं निघणार होता. तेव्हा बोलले.

"माह्या भिंतीले हात लावला तू. आता माह्या मैताले हात लावू नको."

तू म्हणाला, "बाबा, मी नाही लावलं. आईची शपथ."

"वरतून खोटं बोलते."

तू माझ्याकडं पाहिलं. मी चहा गाळत होती. चहा कधीचाच गाळून झाला होता, गाळणी हातातच होती.

दोन वर्षांनी बाबा गेले तेव्हा मोतीरामनं अग्नी दिला. चुलत भावाले उभं करावं लागलं, सख्खा असतानी. तू अकोल्यात होता, मले माहीत होतं तुले कळलं आहे. मी निरोप पाठवला नाही.

सांगणार होती. आधी म्हटलं बाबा बरे झाले की सांगू. मग म्हटलं त्यांले आता सांगून काय. मग लग्न झालं, खुशालराव आपल्याच घरी राहायले आले, मग म्हटलं सासरच्यांले कळेल. मग इतकी वर्षं झाली, की सांगणंच चोरीसारखं वाटायले लागलं. आता भिंत पडून राहिली म्हणून सांगते आहे, हेही तुले दिसेलच. भिंत नसती पडली तर मी सांगितलं नसतं. मले चांगली समजू नको.

परवा मीटिंग आहे. तुझ्या सहीची वाट पाहणार नाही. मी माझ्या हातानं लिहून देणार. गावाच्या आधी तुले कळावं म्हणून हा कागद आज टाकते.

वही पाठवायची का नाही, तू ठरव. आता मी मागत नाही.

अनसूया

८ मार्च २०२५

दादा,

मीटिंगचं आधी लिहिते, वहीचं मागून. वहीचं लिहायले हात उचलत नाही.

सभामंडपात सगळे बसले होते. मी कागद पंजाबरावांच्या हातात दिला. चार ओळी होत्या. तेल मी लावलं, जवसाचं, मुरदाडशिंग टाकून उकळलं, रविकांतचा संबंध नाही. त्यांनी दोनदा वाचला, मग चष्मा काढला.

"बाई, भावाले वाचवून राहिल्या का?"

"सत्तावीस वर्षं नाही वाचवलं, आता काय वाचवू?"

"मग आमी इतकी वर्षं रविकांतले शिव्या दिल्या त्या?"

मागून वामनराव म्हणाले, "वापस घ्या." लोकं हसले. मी नाही हसली.

खुशालराव दाराशी उभे होते. घरी येतानी वाटेत म्हणे, "तुमी मले कधी सांगितलं नाही."

"तुमी कधी विचारलं नाही."

"मी काय विचारणार होतो, बायको, तू भिंतीले तेल लावलं का?"

खरं आहे. हे कोण विचारते.

पंजाबराव अडून बसले होते. आकांक्षा म्हणे, वीतभर जागा द्या, करून दाखवते. शेवटी ठरलं, की वीतभर करून दाखवायचं. जमलं तर रामनवमीले भिंत राहील, नाही तर टाइल्स. पण पोरगी मले बाजूले घेऊन म्हणे, "तेल कळलं काकू, पण रामाचा निळा ओल्यावर की सुक्यावर, ते अजून नाही कळलं. वीतभर करायची ती रामावरच करायला हवी, सगळे तिथेच बघणार."

मले आठवत नव्हतं. खालून तेवढं दिसत नाही.

मग बुधवारी कुरियर आलं. वर चारुता वहिनीचं अक्षर. आत वही, शाळेच्या ड्रॉइंगच्या कागदात गुंडाळलेली. चिठ्ठी नाही. म्हटलं चला, वही तर आली.

निळा लगेच सापडला. बाबांचं अक्षर: "रामाचे अंगास धुण्याची नीळ, धावड्याचे डिंकात. सुक्यावर." आकांक्षा हसून हसून खाली बसली. "काकू, कपड्याची नीळ! आणि मी मशीन लावून डोकं फोडतेय." म्हणजे पाण्याचं औषध लावलं असतं तर राम गेलाच होता. आता दुसरं लावणार.

मग ती म्हणे, ह्या पानाचा कोपरा दुमडलेला आहे, इथं काय आहे?

ते शेवटचं पान. कोपरा इतक्या वेळा दुमडलेला, उघडलेला, की तुटायले आला. तिनं मोठ्यानं वाचलं.

"रामनवमी. भिंतीस जवसाचे तेल, मुरदाडशिंगात उकळलेले, कोमट. फडक्याने, वरून खाली. हात अनसूयाचा. भिंतीस दम मिळणार नाही. वीस-पंचवीस वर्षांत सुटेल."

पोरगी वाचून थांबली, माझ्याकडं पाहिलं, अन् पाणी आणायले गेली. शहाणी आहे.

दादा, बाबांले माहीत होतं. त्याच दिवशी. जेवायच्या आधी लिहिलं, अन् मग माझ्या हातानं जेवले, अन् मग तुले हाकललं. अन् तुले त्याच दिवशी गाडीत वही उघडल्यावर माहीत झालं असेल. फक्त मलेच वाटत होतं की मी लपवून राहिली.

दोन दिवस मी त्या माणसाले मनात शिव्या दिल्या. मग समजलं. मले हाकललं असतं तर छातीले शेक कोणी दिला असता? कोणी उचलून बसवलं असतं, कोणी थुंकी काढली असती? तू तर अकोल्याले नोकरीवर होता, शनिवारचा पाहुणा. राग कोणावर तरी काढायचा होता, तर जो दूर होता त्याच्यावर काढला. हा हिशेब त्यांनी केला का नाही, देवाले माहीत. मले मात्र दोन वर्षं काही बोलले नाहीत. जवसाची चटणी तेवढी ताटातून बाजूले सारत. म्हणे पचत नाही. मी रोज वाढत होती अन् ते रोज सारत होते.

अजून एक. पूर्ण वही पाहिली, अक्षर बारीक म्हणून पोरीकडून वाचून घेतली. चुना सहा महिने विरवला लिहिलं आहे, कोणी विरवला ते नाही. रंग वाटला, डिंक गाळला, कोणी ते नाही. पन्नास पानांत माझं नाव एकाच जागी आहे. त्याच ओळीत.

तुझ्यावरही राग आला आहे. तू कोपरा दुमडून दुमडून वाचत बसला, अन् मी इकडं. एक कागद टाकला असता. पण तू काय लिहिलं असतं, तेही मले सुचत नाही. थकली मी. आता बस.

अनसूया

३० मार्च २०२५

दादा,

वीतभर झालं.

कसं करते सांगते, तू मास्तर आहे, तुले आवडेल. आधी उठलेले पापुद्रे सुईनं, पातळ चुन्यानं मागून बसवले. मग चित्रावर पातळ जपानी कागद, त्यावरून जेलीसारखं स्पिरिटचं औषध, मेंदी थापतो तसं. थोडा वेळ ठेवायचं, मग कागदासंगं उचलायचं. कागद तपकिरी निघते. मग काडीले कापूस गुंडाळून एवढं एवढं टिपायचं. वीतभरले चार दिवस लागले. मी म्हटलं, "मी सगळी भिंत एका दुपारी पुसली होती." ती म्हणे, "म्हणूनच तर काकू." पोरगी आता मले बोलायले भीत नाही.

पंजाबराव खुर्ची टाकून बसले होते. रामाचा खांदा आधी निघाला, मग दंड, मग धनुष्य धरलेली मूठ. ते उठले, जवळ गेले, मागं आले. म्हणे, "आमच्या लहानपणी असाच होता." अन् टाइल्सवाल्याले तिथूनच फोन लावला. "बाबू, तो मोर तुह्याच घरी लाव."

म्हणजे भिंत राहिली. पूर्ण व्हायले दोन वर्षं लागतील. काड्यांले कापूस मी गुंडाळते. पाच दिवसांपूर्वी आकांक्षानं एक काडी मले दिली, म्हणे हा पायाकडचा तुकडा तुम्ही करा, तिथला गेरू ओल्यावरचा आहे, जात नाही. मी म्हटलं माझा हात भिंतीवर नको. ती म्हणे, "का?" मी काडी घेतली.

काल ती खालचा कोपरा करत होती. तपकिरीतून "डोमाजी" निघालं, मग "रविकांत". तुझं अक्षर तेव्हा किती वाकडं होतं. मग ती म्हणे, आता एक तुकडा जसा आहे तसा ठेवायचा असतो. पुढं पन्नास वर्षांनी कोणी काम करेल, त्याले दिसलं पाहिजे की आधी काय होतं. सगळीकडं ठेवतात म्हणे.

"कुठं ठेवशील?"

"दाराच्या मागे. तिथे कुणाला दिसणार नाही, काकू. तुम्हाला पण बरं."

मी म्हटलं नाही. इथं ठेव. तिनं दोनदा विचारलं, मी दोनदा सांगितलं. मग तिनं पट्टीनं चौकोन आखला, हाताच्या पंजाएवढा. "डोमाजी", मग "रविकांत", अन् त्याच्या बाजूले तो तपकिरी चौकोन. वामनराव म्हणे घाण दिसते. दिसू दे.

वहीतही लिहिलं. बाबांच्या ओळीखाली जागा होती. "तेल काढणं सुरू. काडी, कापूस. हात आकांक्षाचा, अनसूयाचा." माझ्या अक्षरात, वाकडं तिकडं. त्याच्याखाली अजून चार ओळी जागा आहे.

पुढच्या रविवारी रामनवमी आहे. अकोल्याहून सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याले उतर, खुशालराव मोटरसायकल घेऊन येतील, ते तुले ओळखत नाहीत म्हणून मोठ्यानं खाकर. चारुता वहिनीले आण. आलास तर मी पाया पडणार नाही अन् रडणारही नाही, तूही तमाशा करू नको. जेवायले वरण, भाकरी, जवसाची चटणी राहील. नको असली तर सारून ठेव, मले आता समजते.

वही तुझी आहे. पण पोस्टानं पाठवणार नाही. घ्यायले ये.

अनसूया